मीठ ‘बनवलं’ की ‘काढलं’? – वऱ्हाडच्या खाऱ्या पाण्याचा इतिहास आणि पदार्थातले बदल



आजचा विषय सातवी-आठवीच्या विज्ञानाच्या पुस्तकातला आहे. पदार्थाच्या अवस्था, आणि भौतिक व रासायनिक बदल. तत्त्वज्ञानाचा माणूस या विषयाकडे कसा वळला, असं काहींना वाटेल. पण एक वस्तू बदलली म्हणजे नेमकं काय झालं, ती तीच राहिली की दुसरी झाली, हा तत्त्वज्ञानातला अगदी जुना प्रश्न आहे. आणि आपल्या वऱ्हाडात हा प्रश्न नुसता वर्गात राहिलेला नाही. तो कायद्यात आला, तुरुंगापर्यंत गेला आणि आज पूर्णाकाठच्या गावांत पिण्याच्या पाण्यात उभा आहे. म्हणून मी तो इतिहासाच्या वाटेनं मांडणार आहे.

आधी शाळेतला नियम आठवू. बर्फ वितळलं, पाणी झालं, पुन्हा गोठवलं, पुन्हा बर्फ. हा भौतिक बदल. कागद जळला, राख झाली, राखेचा कागद होत नाही. हा रासायनिक बदल. यावरून बहुतेकांच्या डोक्यात एक सूत्र पक्कं बसतं: परत फिरतो तो भौतिक, परत फिरत नाही तो रासायनिक. परीक्षेत या सूत्रावर गुण मिळतात. पण वऱ्हाडातली दोन-तीन उदाहरणं घेतली की ते टिकत नाही. ते का टिकत नाही, हे आज पाहायचं आहे.

सुरुवात मिठापासून करू. छांदोग्य उपनिषदात उद्दालक आणि श्वेतकेतू या बापलेकांचा एक प्रसंग आहे. बाप मुलाला रात्री पाण्यात मीठ टाकून ठेवायला सांगतो. सकाळी म्हणतो, ते मीठ काढून आण. मुलाला मीठ सापडत नाही. मग बाप त्याला वरचं, मधलं आणि तळाचं पाणी चाखायला लावतो. सगळीकडे खारट. उद्दालकाला यातून आत्म्याविषयी सांगायचं आहे, तो भाग आज बाजूला ठेवू. पण निरीक्षण किती नेमकं आहे पाहा. मीठ दिसत नाही, हाताला लागत नाही, तरी आहे, आणि सगळ्या थरांत सारखं आहे. आजच्या भाषेत आपण याला द्रावण म्हणतो.

आता याच ठिकाणी आपल्या दर्शनांचा मोठा वाद आहे. सांख्य म्हणतात, कार्य हे कारणात आधीपासूनच असतं. तिळात तेल होतं म्हणून घाणीतून तेल निघालं. वाळूतून निघत नाही. याला सत्कार्यवाद म्हणतात. न्याय-वैशेषिक म्हणतात, तसं नाही. घडा मातीत आधी नव्हता, तो नव्यानं निर्माण झाला. हा असत्कार्यवाद. सांख्यांनी दिलेली उदाहरणं मात्र एका रांगेत बसत नाहीत. तिळातून तेल निघणं आणि दुधाचं दही होणं त्यांच्या लेखी सारखंच. आज आपल्याला माहीत आहे की तिळात तेल खरोखरच असतं, पण दह्यातलं आम्ल दुधात नसतं. ते जिवाणू दुधातल्या साखरेपासून तयार करतात. म्हणजे पहिल्या उदाहरणात सांख्य बरोबर, दुसऱ्यात नैयायिक बरोबर! वैशेषिकांनी आणखी एक गोष्ट हेरली होती. कच्चा घडा भट्टीत भाजला की रंग बदलतो, गुण बदलतात. त्यांनी याला ‘पाक’ म्हटलं. हा बदल घड्याच्या परमाणूंत होतो की अख्ख्या घड्यात, यावर वैशेषिक आणि नैयायिक पिढ्यान् पिढ्या भांडले. आपल्याकडच्या वीटभट्टीवर हा वाद डोळ्यांनी दिसतो. वाळलेली कच्ची वीट पावसात सापडली तर तिचा पुन्हा चिखल होतो. भाजलेली वीट पावसाळाभर पडून राहिली तरी वीटच राहते. वाळताना नुसतं पाणी गेलं होतं; भाजताना माती स्वतः बदलली.

तेव्हा खरा प्रश्न ‘परत फिरतं का’ हा नाही. खरा प्रश्न असा: जे शेवटी हाती आलं, ते सुरुवातीला होतं का?

हा प्रश्न घेऊन आता लोणारला जाऊ. लोणार बुलढाणा जिल्ह्यात, म्हणजे जुन्या वऱ्हाडातच. बेसाल्ट खडकात उल्का आदळून झालेलं विवर, व्यास सुमारे १.८ किलोमीटर, आणि तळाशी खारं, अतिशय अल्कधर्मी पाणी. अबुल फजलच्या ‘ऐन-ए-अकबरी’त वऱ्हाड सुभ्याच्या वर्णनात लोणार येतं. काच आणि साबण करायला लागणारं साहित्य तिथं मिळतं आणि त्यातून सरकारला उत्पन्न होतं, असं तो नोंदवतो. चारशेहून अधिक वर्षांपूर्वीची ही नोंद आहे, आणि त्यात आपल्या विषयाची दोन्ही पानं एकत्र आहेत. उन्हाळ्यात तळं आटायचं, काठावर खाराचे थर बसायचे, लोक ते गोळा करायचे. हा खार पाण्यात होताच. पाणी वाफ होऊन गेलं, खार मागं राहिला. बदल भौतिक. पण तोच खार वाळूबरोबर भट्टीत गेला की काच होते, तेलाबरोबर शिजवला की साबण होतो. साबण ना तेलात होता, ना खारात. बदल रासायनिक. तळ्याच्या काठावर एक, भट्टीपाशी दुसरा.

लोणार या नावात ‘लवण’ आहे, हे तुम्ही ओळखलंच असेल. आपल्याकडे लोणारी समाजही आहे. त्यांचे परंपरागत धंदे मीठ काढणं, चुना भाजणं आणि कोळसा पाडणं. एकाच समाजाच्या हातात हे धंदे, पण पदार्थाच्या दृष्टीनं पाहिलं तर जमीन-अस्मानाचा फरक. मीठ काढताना नवा पदार्थ होत नाही. चुनखडी मात्र सुमारे ९०० अंश सेल्सिअसपर्यंत तापली की तिच्यातून कार्बन डायऑक्साइड वायू निघून जातो. शुद्ध चुनखडी १०० किलो भाजली तर ५६ किलो कळीचा चुना उरतो. ४४ किलो हवेत गेले. युरोपात जोसेफ ब्लॅक या स्कॉटिश रसायनज्ञानं १७५६ मध्ये तराजू हातात घेऊन हा हिशोब मांडला, आणि तिथून आधुनिक रसायनशास्त्राची एक वाट सुरू झाली. आपल्या भट्टीवाल्याला वायूचं नाव माहीत नव्हतं, पण भाजलेला दगड हलका होतो हे त्याच्या हाताला माहीत होतं.

आता शाळेतल्या सूत्राची गंमत पाहा. कळीच्या चुन्यावर पाणी टाकलं की तो उकळून फुलतो. त्यात वाळू मिसळून भिंत बांधली की तो हळूहळू हवेतला कार्बन डायऑक्साइड परत घेतो आणि पुन्हा चुनखडीच बनतो. बाळापूरच्या किल्ल्यासारख्या जुन्या बांधकामांत विटा धरून बसलेला चुना म्हणजे भट्टीत गेलेला दगड पुन्हा दगड झालेला. बदल रासायनिक, तरी चक्र पूर्ण फिरलं! तेव्हा ‘परत फिरत नाही तो रासायनिक’ हे सूत्र इथंच पडलं. उलट बाजूनं, लाकडाचा भुसा केला तर तो परत लाकूड होत नाही, पण बदल भौतिकच.

इथवर आपण धंद्याबद्दल बोललो. आता कायद्याकडे वळू.

अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांतून पूर्णा नदी पश्चिमेकडे वाहते आणि पुढे तापीला मिळते. तिच्या दोन्ही काठांना शेकडो फूट जाडीचा गाळ आहे आणि त्यातलं भूजल बऱ्याच ठिकाणी खारं आहे. याला आपण खारपाण पट्टा म्हणतो. अकोल्याच्या उत्तरेला दहीहंडा परिसरात पूर्वी मिठाच्या विहिरी होत्या. खोल विहीर खणायची, खारं पाणी उपसायचं, उथळ वाफ्यांत पसरायचं आणि बाकीचं काम वऱ्हाडच्या उन्हावर सोपवायचं. समुद्र शेकडो कोस दूर, पण मीठ पायाखाली.

खाऱ्या पाण्यातून मीठ काढणं वाटतं तितकं साधं नाही. अशा पाण्यात एकच क्षार नसतो. पाणी आटू लागलं की सगळे क्षार एकदम बाहेर येत नाहीत. साधारणपणे आधी चुनखडीचा अंश तळाशी बसतो, मग जिप्सम, मग आपलं खायचं मीठ, आणि मॅग्नेशियमचे कडवट क्षार अगदी शेवटपर्यंत पाण्यात राहतात. मिठागरातल्या कसबी माणसाचं सगळं कौशल्य यात असतं: मीठ धरलं की उरलेलं कडू पाणी वेळेवर काढून टाकायचं. उशीर झाला तर मीठ कडवट होतं.

१८५३ मध्ये निजामानं वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिलं. १८६७ पर्यंत रेल्वे अकोला, बडनेरा करत नागपूरला पोहोचली. ही रेल्वे इथला कापूस मुंबईला नेत होती आणि येताना बाहेरचं मीठ आणू शकत होती. दुसरीकडे मिठावरचा कर हा सरकारच्या उत्पन्नाचा मोठा आधार होता. मीठ चोरून इकडचं तिकडे जाऊ नये म्हणून उत्तरेत सिंधूच्या बाजूपासून ओडिशाच्या बाजूपर्यंत जकातीची एक रेषा आखली होती, काही भागात तर काटेरी झाडांचं जिवंत कुंपण! सुमारे २३०० मैलांची ही रेषा १८७९ मध्ये रद्द झाली, कर मात्र राहिला. १८८२ च्या मीठ कायद्यानं परवान्याशिवाय मीठ तयार करणं गुन्हा ठरवलं.

आता ‘तयार करणं’ म्हणजे काय? तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्यानं इथं कान टवकारायला हवेत. जमिनीवर आपोआप फुललेलं मीठ खरवडून घेणं, हेही कायद्यानं ‘तयार करणं’ या व्याख्येत बसवलं. पुढे १९४४ च्या केंद्रीय अबकारी व मीठ कायद्यात तर गोळा करणं, उचलणं, भिजवणं, आटवणं, उकळणं, यातली कुठलीही एक क्रिया ‘उत्पादन’ ठरली. बघा, इथं सांख्य आणि नैयायिक समोरासमोर उभे राहतात. शेतकरी म्हणतो, मीठ पाण्यात होतंच, मी फक्त पाणी जाऊ दिलं. सरकार म्हणतं, नाही, तू एक नवी करपात्र वस्तू निर्माण केलीस. रसायनशास्त्र शेतकऱ्याच्या बाजूनं. पण न्यायालयात रसायनशास्त्राला विचारतो कोण?

आणि सरकारचं म्हणणं अगदीच अडाणीपणाचं होतं असंही समजू नका. त्यांना पदार्थाशी कर्तव्य नव्हतं, वसुलीशी होतं. कर लावायचा तर वस्तू कुठंतरी ‘जन्माला’ यावी लागते. तो जन्माचा क्षण त्यांनी वाफ्याच्या काठावर ठरवला. पण त्याचा अर्थ असा झाला की ऊन पडून पाणी आटणं, ही निसर्गातली अगदी साधी घटना, माणसानं तिला हातभार लावला की गुन्हा.

गांधीजींनी नेमकी हीच जागा निवडली. १२ मार्च १९३० ला ते साबरमतीहून निघाले आणि ६ एप्रिलला दांडीच्या किनाऱ्यावर त्यांनी मूठभर मीठ उचललं. उचललं, बनवलं नाही. कायद्याच्या व्याख्येचा पोकळपणा एका मुठीत दाखवला. देशभर किनाऱ्यांवर मिठाचा सत्याग्रह सुरू झाला. पण वऱ्हाडानं काय करायचं? अकोल्याहून मुंबई रेल्वेनं सुमारे ५८० किलोमीटर. इथं दहीहंडा कामी आला. त्याच एप्रिल महिन्यात दहीहंड्याला खाऱ्या विहिरीचं पाणी घेऊन वऱ्हाडच्या सत्याग्रहींनी मीठ केलं आणि कायदा मोडला. किनारा नव्हता, भरती-ओहोटी नव्हती. विहीर होती आणि विस्तव होता. भांड्यातलं पाणी आटलं आणि तळाशी पांढरा थर दिसला, त्या क्षणी एक भौतिक बदल राजद्रोहाच्या पंक्तीला जाऊन बसला.

पुढे वऱ्हाडातला लढा जंगलाकडे वळला. १० जुलै १९३० ला पुसदला लोकनायक बापूजी अणे यांनी राखीव जंगलातलं गवत कापून सत्याग्रह केला. जंगलाचे निर्बंध इथल्या माणसाला रोज जाणवत होते, म्हणून तो लढा पसरला, हे खरं. पण दहीहंड्याचं महत्त्व त्यानं कमी होत नाही. मिठावरचा कर शेवटी १९४७ मध्ये उठला.

आता कुणी म्हणेल, इतिहास झाला, संपलं. नाही. खारं पाणी अजून तिथंच आहे, आणि आज कायद्यापेक्षा मोठी गोष्ट पणाला लागली आहे. ती म्हणजे प्रकृती आणि शेती.

खारपाण पट्ट्यात मूत्रपिंडाच्या तक्रारींबद्दल लोक वर्षानुवर्षं बोलत आहेत. अनेक घरांत एक समजूत आहे: पाणी उकळून घेतलं की चांगलं होतं. ही समजूत अर्धी खरी आणि अर्धी घातक आहे. उकळल्यानं जंतू मरतात, हे खरं. पाणी फक्त जड असेल, म्हणजे त्यात कॅल्शियमचे बायकार्बोनेट असतील, तर उकळताना ते फुटतात, चुनखडी होते आणि भांड्याला आतून पांढरी खपली धरते. हा रासायनिक बदल, आणि इथं पाण्यातला क्षार खरोखर कमी होतो. पण मिठाचं काय? मीठ वाफेबरोबर जात नाही. समजा लिटरभर पाण्यात २००० मिलिग्रॅम न खपणारे क्षार आहेत आणि उकळून तुम्ही ते अर्धा लिटर केलं, तर आता त्याच्या दर लिटरमागे ४००० मिलिग्रॅम झाले. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात विरघळलेले क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावेत, दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालतात. म्हणजे चुलीवर जास्त वेळ ठेवून आईनं मायेनं उकळलेलं पाणी लेकराला आणखी खारट होऊन मिळतं. दहीहंड्याला ज्या क्रियेनं मीठ मिळालं, तीच क्रिया इथं घरात चालू आहे. फक्त तिथं मीठ हवं होतं, इथं नको आहे.

मग उपाय? जी वस्तू पाण्यात जशीच्या तशी आहे, ती वेगळी करावी लागते. वाफ धरून थंड केली तर गोडं पाणी मिळतं. पडद्यातून दाबानं पाणी गाळणारी आरओ यंत्रं हेच वेगळ्या वाटेनं करतात. पण त्यातून बाहेर पडणारं पाणी आधीपेक्षा जास्त खारं असतं, आणि ते पुन्हा मातीतच सोडलं तर आपण मीठ फक्त एका घरातून दुसऱ्या शेतात नेलं. भौतिक बदलात वस्तू नाहीशी होत नाही, हे वाक्य पुस्तकात वाचायला सोपं आहे. गावाला ते भोगावं लागतं. म्हणून पावसाचं पाणी साठवणं, छपरावरचं किंवा शेततळ्यातलं, हा इथला शहाणा मार्ग आहे. सूर्य समुद्राचं पाणी वर नेतो, मीठ खाली ठेवतो. ते गोडं झालेलं पाणी आपल्या दारात पडतं, आणि आपण ते वाहून जाऊ देतो.

शेतीत मात्र गोष्ट वेगळी. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगून भेगा मिटतात. हा भौतिक खेळ दरवर्षीचा. पण खाऱ्या विहिरीचं पाणी वर्षानुवर्षं दिलं की पाण्यातला सोडियम मातीच्या कणांवर बसलेल्या कॅल्शियमला हुसकावून त्याची जागा घेतो. हा रासायनिक बदल. मातीची रचना मोडते, पाणी मुरत नाही, वर टणक पापुद्रा धरतो. इथं नुसतं गोडं पाणी देऊन भागत नाही. जिप्सम घालावं लागतं. त्यातला कॅल्शियम सोडियमला बाहेर काढतो आणि सोडियमचा विरघळणारा क्षार निचऱ्याबरोबर जातो. निचरा नसेल तर जिप्समही वाया. म्हणजे हाही रासायनिक बदल परत फिरवता येतो, पण त्यासाठी रसायनच लागतं. १९६९ मध्ये स्थापन झालेलं अकोल्याचं डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ याच मातीच्या दारात उभं आहे, आणि या जमिनीच्या सुधारणेवर तिथं काम झालेलं आहे.

आता दोन्ही टोकं जुळवू. पाण्यातलं मीठ ही वेगळं करण्याची समस्या आहे. मातीतला सोडियम ही अदलाबदलीची समस्या आहे. पहिलीला दुसरीचं औषध चालत नाही, दुसरीला पहिलीचं चालत नाही. भौतिक की रासायनिक हा भेद ओळखणं म्हणजे कुठल्या दुखण्याला कुठलं औषध हे ओळखणं. म्हणून मी म्हणतो, हा धडा परीक्षेपुरता नाही.

एक शंका राहते, ती माझ्यासमोर नेहमी कुणीतरी मांडतं, म्हणून आधीच घेतो. मीठ पाण्यात विरघळणं हा तरी निखळ भौतिक बदल आहे का? स्वीडनच्या आऱ्हेनियसनं १८८० च्या दशकात दाखवलं की विरघळलेलं मीठ हे मिठाचे बारीक कण नसतात. सोडियम आणि क्लोरीन विद्युतभारित होऊन पाण्यात सुटे फिरत असतात. याच सिद्धान्तासाठी त्याला १९०३ चं नोबेल मिळालं. म्हणजे विरघळताना स्फटिकातले बंध तुटतात. मग उद्दालकाच्या भांड्यात ‘मीठ’ होतं का? माझं उत्तर असं: भौतिक आणि रासायनिक यांच्या मधे निसर्गानं भिंत घातलेली नाही, रेघ आपण ओढली आहे. पण रेघ माणसानं ओढली म्हणून ती मनमानी ठरत नाही. ती पदार्थ पाहून ओढली तर औषध सापडतं; वसुली पाहून ओढली तर मूठभर मिठासाठी माणसं तुरुंगात जातात. वऱ्हाडानं दोन्ही रेघा पाहिल्या आहेत.

श्रोत्यांत शिक्षक असतील तर त्यांना एक विनंती. खारपाण पट्ट्यातल्या शाळेत हा धडा शिकवताना बाजारातलं मीठ पाण्यात टाकू नका. गावच्या विहिरीचं पाणी आणा, बशीत घालून उन्हात ठेवा आणि दोन-तीन दिवसांनी बशी मुलांच्या हातात द्या. जे तळाशी दिसेल ते ती मुलं पीत आहेत. पुढचे प्रश्न ती स्वतः विचारतील, आणि ते फक्त विज्ञानाच्या मास्तरांना नव्हे, ग्रामपंचायतीलाही विचारतील.

इथं थांबतो. तुमचे प्रश्न घेऊ.